पावणेतीन लाखांचा आवाज

पत्र थोडक्यात असं: बाणेरला राहणारे एक वाचक, वय 36, भोसरीत वडिलांबरोबर फॅब्रिकेशनचं छोटं युनिट चालवतात. मागच्या दिवाळीत त्यांनी सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली. दोन सीटची, जर्मन, दोन लिटरचं चार सिलिंडर टर्बो पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक. (मॉडेलचं नाव मी काढून टाकलंय, पुण्यात अशा गाड्या इतक्या मोजक्या आहेत की त्यांच्या सोसायटीचा वॉचमनही ओळखेल.) गाडी पळते झकास, पण आवाजात दम नाही. रविवारी पहाटे ज्या ग्रुपबरोबर ड्राइव्हला जातात तिथे "मिक्सर आला रे" म्हणून चेष्टा होते. एका वर्कशॉपने डाउनपाईप (टर्बोला लागून असलेला पहिला पाईप), मागचं अख्खं एक्झॉस्ट आणि रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) मिळून पावणेतीन लाख सांगितलेत, दुसरा म्हणतो मफलर, म्हणजे सायलेन्सर, कापून सरळ पाईप वेल्ड करून देतो, पंचवीस हजारात विषय संपला. वॉरंटी अजून वर्षभर बाकी आहे. बायकोचा साफ नकार, ती म्हणते की निदान साताऱ्याला माहेरी जाताना तरी गाडी शांत असते तेवढं सुख राहू दे. त्यांचा प्रश्न: "मला बुलेटवाल्यांसारखा गोंगाट नकोय, क्लासी आवाज हवाय. कुठलं एक्झॉस्ट घेऊ आणि बायकोला कसं पटवू?"

---

आवाजाचं वेड असणाऱ्या माणसाला "गाडी काय पोचण्याशी मतलब" हे ऐकवण्यात काही अर्थ नसतो, त्यामुळे ते मी ऐकवणार नाहीये. हौसेला मोल नसतं हे खरंच. पण तुमचे दोन्ही प्रश्न एक पायरी सोडून सुरू झालेत. कुठलं एक्झॉस्ट घेऊ असं विचारताना तुम्ही धरून चाललाय की एक्झॉस्ट बदललं की तुमच्या डोक्यात जो आवाज आहे तो मिळणार. आणि मला दाट शंका आहे की तो आवाज तुमच्या गाडीचा नाहीचे, ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचा आहे, बहुतेक सहा किंवा आठ सिलिंडरवाल्याच्या.

कारण आवाज पाईपमध्ये तयार होत नाही हो, तो इंजिनात होतो, पाईप फक्त त्यातलं काय बाहेर सोडायचं ते ठरवतो. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे 3000 आरपीएमला (मिनिटाला 3000 फेऱ्या) चार सिलिंडरचे सेकंदाला 100 ठोके, सहाचे 150, आठाचे 200. हा झाला मूळ सूर. वरून ते ठोके सारख्या अंतराने पडतात की मागेपुढे, यावर सगळी चव अवलंबून असते. अमेरिकन व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरवाली, जी घुर्रर्र करते ना, ती क्रॉसप्लेन क्रँकमुळे (क्रँक म्हणजे सिलिंडरच्या धक्क्यांनी फिरणारा दांडा), एकेका बाजूच्या चार सिलिंडरांचे ठोके असमान पडतात म्हणून. फेरारीच्या व्ही-8 चा क्रँक फ्लॅटप्लेन, ठोके सारखे, म्हणून ती किंचाळते. ऑडीचं पाच सिलिंडर 1-2-4-5-3 अशा क्रमाने पेटतं आणि म्हणून त्याचा तो अर्धवट गुरगुरणारा सूर दुसऱ्या कुणाचा येत नाही. तुमचं इंजिन चार सिलिंडरचं. त्यात टर्बो, म्हणजे बाहेर निघणारा गॅस आधी टर्बाइनचं चाक फिरवतो, त्यात त्याची बरीच ताकद खर्च होते आणि ठोक्यांची धार तिथेच बोथट होते. टर्बो हा फुकटचा सायलेन्सर आहे असं म्हटलं तरी चालेल. आता पुढे तुम्ही टायटॅनियमचा पाईप लावा नाहीतर चांदीचा, सिलिंडर वाढत नाहीत. जो सूर आहे तोच मोठा होतो. मिक्सर म्हणतायत ना, तर मोठा मिक्सर.

वर्कशॉपवाले हे सांगत नाहीत कारण ते व्हिडिओ दाखवतात. मोबाइलचा माईक मोठा आवाज आपोआप दाबतो, खालचे सूर खातो, त्यात व्हिडिओ शूट होतो टेलपाईपच्या मागे उभं राहून, आणि गाडी चालवताना तुम्ही तिथे कधीच नसता. शिवाय त्या व्हिडिओत ऐकू येणारे फटाके, पॉप्स का काय म्हणतात ते, एक्झॉस्टचे नसतातच बऱ्याचदा, ते रीमॅपचे असतात. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर सॉफ्टवेअर मुद्दाम थोडं पेट्रोल आत सोडतं आणि स्पार्क उशिरा देतं, मग ते पेट्रोल पाईपमध्ये जाऊन पेटतं. पैसे देऊन विकत घेतलेलं मिसफायर. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (थोडक्यात कॅट, धुरातले विषारी वायू निकामी करणारा डबा) या उष्णतेने धाप लागते ती वेगळीच. (ज्यांना हे आवडतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही, दिवाळी वर्षातून एकदाच येते यावर त्यांचा विश्वास नाही एवढंच.)

आता सातारा. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ ही होती आणि तुम्ही ती जाता जाता लिहिलीये. तुमच्यासारख्या ऑटोमॅटिक गाड्या टॉप गिअरमध्ये 90-100 ला साधारण 1800 ते 2000 आरपीएमवर फिरतात. वरचाच हिशोब लावा, 2000 ला सेकंदाला 67 ठोके. हा इतका खालचा सूर असतो की काच, कार्पेट, ग्लासवूल, कशालाच तो दाद देत नाही, आणि लहान केबिनमध्ये तो घुमतो. याला या धंद्यात ड्रोन म्हणतात. ड्रोन ऐकू कमी येतो आणि डोक्यात जास्त जातो. पहिली दहा मिनिटं छान वाटतं, खंबाटकीपर्यंत बोलणं बंद होतं, साताऱ्यात उतरेपर्यंत डोकं धरलेलं असतं. कंपनीचे इंजिनिअर हाच सूर मारायला मधे रेझोनेटर बसवतात, बाजूला बंद तोंडाच्या नळ्या काढतात, आणि स्वस्तातला माणूस नेमकं तेच आधी कापतो. म्हणजे तुम्हाला जो आवाज हवाय तो लागणार बोगद्यात, घाटात, गिअर खाली टाकल्यावर, महिन्यातून दोन-चार वेळा, आणि जो मिळणार तो रोज, सरळ रस्त्यावर, एका लयीत. मिसेसचा मुद्दा आवाज आवडण्या-न आवडण्याचा नाहीचे, शेजारच्या सीटवर दोन तास त्यांना बसायचंय.

पंचवीस हजारवाल्याबद्दल फार बोलत नाही, तुमचा धंदाच पत्र्याचा आहे. भंगारातून एखाद्या जर्मन गाडीचा जुना मफलर उचला आणि तुमच्याच युनिटमध्ये ग्राइंडरने उभा कापून बघा. आत तीन-चार कप्पे दिसतील, मधल्या पडद्यांना भोकं, जाळीसारखी छिद्रं पाडलेल्या नळ्या एका कप्प्यातून दुसऱ्यात उलट्या वळवलेल्या, काही जागी ग्लासवूल ठासलेलं. प्रत्येक कप्प्याचं माप कुठल्या तरी सुरासाठी ठरवलेलं असतं, लाट जाते, आपटते, परत येते आणि पुढच्या लाटेला मारते. ते बघितल्यावर त्या जागी तुम्ही सरळ पाईप वेल्ड कराल असं मला वाटत नाही, आणि एकदा कापलं की मूळ मफलर गेला, नवीनची किंमत डीलरला विचारून बघा.

पावणेतीन लाखवाल्याच्या कोटेशनमध्ये मात्र एक शब्द नीट वाचा. डाउनपाईप 'हायफ्लो' आहे की 'डीकॅट'. हायफ्लोत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर राहतो, फक्त जास्त मोकळा, डीकॅट म्हणजे तो काढूनच टाकणार. तो कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलं पेट्रोल आणि नायट्रोजन ऑक्साइड निकामी करतो, तो गेला की सिग्नलला उभं राहिल्यावर तुमच्याच केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतो आणि पीयूसीला कार्बन मोनॉक्साइडचा आकडा आणि लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) दोन्ही गडबडू शकतात. कॅटच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर चेक इंजिनचा दिवा लावतो, मग तो दिवा सॉफ्टवेअरमध्ये बंद करून देतात आणि त्यालाच रीमॅप म्हणून बिल लावतात. वॉरंटीचं म्हणाल तर सॉफ्टवेअरला हात लावलेला डीलरच्या मशीनला कळू शकतो, सर्व्हिसच्या आधी परत जुनं सॉफ्टवेअर टाकून देतो असं कुणी म्हणालं तरी. आणि हो, काढलेल्या कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम, र्‍होडियम असतं, तो भंगार नसतो. तुमच्या कोटेशनमध्ये जुना माल परत देण्याबद्दल एक अक्षर नाहीये. बघा म्हणजे.

कायद्याचा भाग पटकन सांगते, कारण "इम्पोर्टेड ब्रँडेड एक्झॉस्ट आहे, ते चालतं" हा समज फार पसरलाय. मोटर वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा गाडी वेगळी करायची नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन 182-अ आलं, मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम 190(2), पहिल्याच वेळी 10,000 पर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद, आणि लायसन्स तीन महिने बाद. रस्त्यावर प्रत्येक वेळी एवढं सगळं होतं असं नाही, पण एखादा अपघात झाला आणि इन्शुरन्सचा सर्व्हेयर गाडीखाली वाकला तर न कळवलेला बदल त्याला आयताच मिळतो. युरोपातला ई-मार्क म्हणजे युरोपातली मान्यता, आपल्याकडची वेगळी घ्यावी लागते. आपल्याकडे नऊ सीटपर्यंतच्या पॅसेंजर गाडीला मर्यादा 74 डेसिबलची, साडेसात मीटरवर माईक ठेवून समोरून फुल थ्रॉटलमध्ये गाडी नेतात आणि मोजतात. असल्या चाचण्या करणारी संस्था एआरएआय तुमच्या घरापासून किती लांब आहे सांगायला नको, तिच्या टेकडीवर तुम्ही फिरायलाही जात असाल.

आणि ते बुलेटवाल्यांचं वाक्य. पुणे ट्रॅफिक पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याच्या बातम्या आल्या की आपण सगळे खूश होतो, बरं झालं म्हणतो. तुमच्याही मनात तेच असणार. पण चौथ्या मजल्यावर झोपलेल्या माणसाला पहाटे साडेपाचला खालून जो आवाज येतो त्यात क्लास ऐकू येत नाही हो, त्याला फक्त जाग येते. तुमच्या बाबतीत तर जास्तच, कारण थंड इंजिन सुरू झालं की कॅट लवकर तापावा म्हणून आरपीएम मुद्दाम वर ठेवलेला असतो, त्यात बेसमेंट पार्किंगच्या काँक्रीटच्या भिंती. गाडीचा दिवसातला सगळ्यात त्रासदायक आवाज तुमच्या शेजाऱ्यांच्याच वाट्याला येतो, ताम्हिणी घाटातल्या माकडांच्या नाही. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्रच धरतात, निवासी भागाला 45 डेसिबल. फोर्डने मस्टँगमध्ये 'गुड नेबर मोड' नावाचं सेटिंग दिलं, ठरलेल्या वेळात गाडी दबक्या आवाजात सुरू होणारं, ते उगाच नाही. व्ही-8 विकणाऱ्यांनाही शेजारी आहेत.

अजून एक, याबद्दल कोटेशन देणारा कधीच बोलत नाही: जाड पाईप म्हणजे गाडीखालची जागा कमी. तुमची गाडी आधीच जमिनीला टेकलेली, आणि आपल्या सोसायट्यांचे स्पीड ब्रेकर कुठल्या मापात बांधतात ते बांधणाऱ्यालाही माहीत नसतं. मधला पाईप एक इंचाने खाली आला तरी गेटमध्येच खर्रर्र. तिरकी घालून काढावी लागेल, रोज, मागून हॉर्न खात.

मग करायचं काय.

पहिलं म्हणजे तुमच्याकडे जे आहे ते चालतंय का ते बघा. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना मागच्या मफलरमध्ये एक झडप असते, व्हॉल्व्ह, स्पोर्ट मोडला ती उघडते. सेकंडहँड गाडीत ती गंजून अडकलेली किंवा तिची व्हॅक्यूमची नळी निसटलेली असू शकते आणि मालकाला पत्ताच नसतो. एकाला आत बसवून मोड बदलायला लावा आणि तुम्ही मागे वाकून टॉर्चने टेलपाईपमध्ये बघा, पत्र्याची चकती हलतेय का. दोन टेलपाईप असतील तर दोन्हीत बघा, बऱ्याचदा एकातच असते. (आणि काही गाड्यांचा दिसणारा टेलपाईप नुसता शोभेचा असतो, खरा पाईप आत खाली तोंड करून बसलेला असतो, तसं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका.) अडकली असेल तर ती दुरुस्त करणं हा बदल नव्हे, गाडी मूळ जागी आणणं आहे, वॉरंटीत बसतंय का तेही विचारा.

मग एकदा एक्सप्रेसवेने जा, दुपारी, गर्दी नसताना, कामशेत किंवा भाताणच्या बोगद्यात काचा पूर्ण खाली, स्पोर्ट मोड, मॅन्युअलवर घेऊन एक गिअर खाली, स्पीड मर्यादेतच ठेवायचा. भिंतीवरून परत येणारा जो आवाज ऐकाल तो तुमच्या इंजिनाचा खरा सूर. तो आवडला तर मला वाटतं तुमचा प्रश्न एक्झॉस्टचा नव्हताच, काचा बंद ठेवण्याचा होता. आणि बोगद्यातही नाही आवडला तर पावणेतीन लाखांतही आवडणार नाही, कारण तोच आहे.

तरीही हवंच असेल तर एकच रस्ता मला दिसतो, कंपनीचं स्वतःचं ऑप्शनल स्पोर्ट्स एक्झॉस्ट. डीलरला चासी नंबर देऊन विचारायचं की हे माझ्या गाडीला, भारतात मान्यता असलेल्या पार्टमध्ये येतं का, आणि बसवल्यावर वॉरंटी राहते का. महाग निघेल, आणि बहुतेक उत्तर "भारतात नाही" असं येईल, पण येऊ दे. बाकी कुठल्याही वर्कशॉपला आधी म्हणा, हेच इंजिन असलेली, हेच एक्झॉस्ट बसवलेली गाडी दाखवा, आणि ती गाडी सकाळी थंड असताना सुरू करून मला तासभर सातारा रोडवर न्या, मिसेसना बरोबर घेऊन. अशी गाडी दाखवू शकला नाही तर तुम्हीच त्याचा पहिला प्रयोग आहात, आणि दाखवली तर त्या तासाभरात निम्मी हौस फिटते असा माझा अंदाज आहे.

आणखी एक पर्याय आहे, तुम्हाला कदाचित आवडणार नाही: ही गाडी वर्षभर जशी आहे तशी चालवा आणि मग विकून सहा सिलिंडरवाली बघा. सेकंडहँड बाजारात अशा गाडीला गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो "स्टॉक आहे का?", म्हणजे कंपनीतून आली तशीच आहे का. एक्झॉस्टवर घातलेले पैसे विकताना परत येत नाहीत, उलट भाव पाडायला समोरच्याला कारण मिळतं. तेच पावणेतीन लाख पुढच्या गाडीत घातले तर आवाज कंपनीतूनच येतो, कागदासकट.

बायकोला कसं पटवू याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण त्या बरोबर आहेत. गाडी घेताना त्यांनी अडवलं नाही, त्याही वेळी पैसे लागलेच की. आणि ग्रुपबद्दल एकच विचारते, रागावू नका. ती चेष्टा थांबावी म्हणून हा खर्च चाललाय का? तसं असेल तर ती पैशाने थांबत नाही हो, आज आवाजावरून, उद्या टायरवरून, परवा रंगावरून. त्यातल्या एकाला एकदा चावी द्या आणि कात्रजच्या जुन्या घाटात वळणांवर चालवू द्या. चार सिलिंडरचं हलकं नाक वळणात काय करतं ते त्याच्या जड गाडीत त्याला कधी कळलेलं नसेल.

याच विषयावर आणखी काही पत्रं आली आहेत, ज्यांनी सेकंडहँड गाडी घेतली आणि आधीच्या मालकाने एक्झॉस्ट बदलून ठेवलंय त्यांची. तुम्ही केलेला बदल नाही हे खरं, पण रस्त्यावर थांबवल्यावर आरसीवर नाव तुमचं आहे. अजून गाडी घ्यायची असेल तर व्यवहार पूर्ण व्हायच्या आधी मूळ मफलर आणि कॅट मागून घ्या, बरेच जण तो घरी माळ्यावर ठेवतात. नसेल तर नवीन बसवायचा खर्च डीलरकडून लेखी घ्या आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करा. सर्व्हिस सेंटरकडून गाडी लिफ्टवर चढवून खालून फोटो काढून घ्या, वेल्डिंगचे नवे जोड असतील तर लगेच दिसतात. आणि बाणेरवाले, तुम्ही डीलरला जे विचाराल ते मेलवर विचारा, तिथला मुलगा फोनवर "हो सर, होऊन जाईल" म्हणतो आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या शोरूमला लागतो.